इतिवृत्त आधी, सुनावणी नंतर

८ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळ.

संकल्प: आजपासून संतापायचं नाही. डॉक्टरांनी बीपीची दुसरी गोळी सुरू केली आहे. रोज सकाळी अष्टमीच्या घरून निघायचं, पूल ओलांडून रोह्याच्या बाजूला जायचं, तसंच परत यायचं. लोणचं बंद. पापड बंद. सुनीतीशी वाद बंद.

संकल्प सकाळी सहाला केला, साडेअकराला मोडला. दोष माझा नाही. पेणला कॉलेजात टी.वाय. बी.कॉम.चा स्टॅटिस्टिक्सचा पेपर, सुपरव्हिजन माझं. तिसऱ्या बाकावर सुरभी मोकल, राहणार कासू. सारखी बाही खाली ओढत होती. एकवीस वर्षं मी सुपरव्हिजन करतोय. बाही ओढणारी पोरगी मला लांबून कळते. म्हटलं, हात दाखव. मनगटाच्या वर बॉलपेनने लिहिलेलं:

१८ – ६
२४ – ४
३० – २
३६ – १

सरळसरळ फ्रिक्वेन्सी टेबल. स्टॅटिस्टिक्सच्या पेपरला. आणि समोर कोण, तर स्टॅटिस्टिक्सचा प्राध्यापक. नशीब एकेकाचं.

विचारलं, हे काय. म्हणे, सर, मापं हायत. आत्याचा गणपतीचा कारखाना हाय, तिनं सकाळी फोनवर सांगितली, पेपर झाल्यावर साचे काढायचेत, कागद नव्हता म्हणून हातावर लिवली. पेणमध्ये कुणालाही पकडा, तो गणपतीच्या मागे लपतो. मी विघ्नहर्त्याला मानतो, पण परीक्षा हॉलच्या बाहेर.

तिला हात धुऊन यायला लावलं, पुन्हा बघून लिहू नये म्हणून. ती धुऊन आल्यावर लक्षात आलं की पुरावाही धुतला गेला. हरकत नाही. आकडे मी लिहून घेतले होते. उत्तरपत्रिका सील केली.

उद्यापासून संतापायचं नाही.

९ एप्रिल.

पुलावर गेलो नाही. झोप पूर्ण होणं हेही बीपीला चांगलं असतं.

प्राचार्य मॅडमना रिपोर्ट दिला. त्यांनी चौकशी समिती नेमली. अध्यक्ष मी, कारण शिस्तीचं काम पदानेच माझ्याकडे आहे. सदस्य दोघे: ग्रंथपाल बाई आणि अक्षय सर. अक्षय तासिका तत्त्वावर आहे, त्यामुळे त्याचं मत माझ्याइतकंच असतं, थोडं कमी.

सध्याचे उपप्राचार्य ३१ मे रोजी रिटायर होतात. मॅडम सहज म्हणाल्या की त्या जागी प्रशासन जमणारा माणूस हवा. असं कुणी सहज म्हणत नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या. माझ्या मागे भिंतीवर कॅलेंडर आहे हे खरं, पण नजर कॅलेंडरच्या बरीच खाली होती.

एक केस नीट, कडक, वेळेत पूर्ण झाली की झालं. कोकण रेल्वेच्या कामासारखं रखडवायचं नाही.

११ एप्रिल.

अक्षय म्हणतो, सर, उत्तरपत्रिका उघडून बघू या का, ते आकडे तिने कुठे वापरलेत का ते. मी म्हटलं, हातच्या कंकणाला आरसा कशाला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. आजकालच्या पोरांना नोकरी टिकत नाही ती या चेहऱ्यांमुळे.

तरी शंका नको म्हणून मी स्वतः हातावरच्या आकड्यांचा मीन काढला. तीनशे भागिले तेरा. २३.०८. सुबक येतो. पेपरात प्रश्न तिसरा मीनचाच होता. त्याचं उत्तर ४७ आहे, २३ नाही. म्हणजे तिने चुकीची कॉपी केली. गुन्हा तेवढाच, वर अज्ञान.

सुनावणी मंगळवारीच उरकावी असं माझं मत. अक्षय म्हणाला, नियमावलीत सात दिवसांची नोटीस आहे. मी विचारलं, कुठल्या नियमावलीत. म्हणाला, तुमच्याच. खरं आहे. ‘विद्यार्थी शिस्त व सुनावणी नियमावली, संकलन प्रा. सुश्रुत टिपणीस.’ मागल्या वर्षी दोन तासांत केली. एका चांगल्या कॉलेजची पीडीएफ सापडली होती, ती आधाराला घेतली. कलम चौदामध्ये त्या कॉलेजचं नाव राहून गेलंय म्हणतात. ते काढायचंय. आपण आता दयाळू व्हायचं, पंधराला नोटीस काढून तिला नऊ दिवस द्यायचे. २४ एप्रिल.

सुनीतीने आज पुन्हा पाटाचा विषय काढला. पाडव्याला तिने फोनवर गणपती बुक केला. आमच्या घरी मूर्ती घरच्याच पाटावर बसवून आणायची पद्धत, म्हणून तो पाट आधी पेणला कारखान्यात पोचवायचा. तुम्ही रोज पेणला जाता, म्हणाली. मी प्राध्यापक म्हणून जातो, हमाल म्हणून नाही. असं बोललो नाही. वाद बंद आहे. फक्त पाट उचलला नाही.

१५ एप्रिल.

महत्त्वाचं काम झालं. २४ तारखेच्या सुनावणीचं इतिवृत्त लिहून ठेवलं.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्याकडे मीटिंगचं इतिवृत्त आधी लिहायची पद्धत आहे आणि ती मी पाडली आहे. एकोणीस वर्षांत माझी एकही मीटिंग वीस मिनिटांच्या वर गेलेली नाही. लोक येतात, चहा पितात, ठराव सर्वानुमते मंजूर झालेलाच असतो, सह्या करून जातात. आधी बोलायचं, मग लिहायचं, यात माणसं फाटे फोडतात. आधीच लिहिलेलं असलं की बोलणं सरळ त्या वाटेने जातं.

मसुदा छान उतरला आहे. ‘सकाळी ठीक ११ वाजता सुनावणी सुरू झाली. विद्यार्थिनीस आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधी देण्यात आली. ११.२० वाजता विद्यार्थिनीने गुन्हा कबूल केला. ११.२५ वाजता तिला रडू कोसळले. समितीने सहानुभूतीपूर्वक विचार करून संपूर्ण परीक्षा रद्द व एक वर्ष बंदी अशी शिक्षा सुचवली. पालकांनी समितीचे आभार मानले.’ रडू कोसळण्याची वेळ आधी ११.१५ टाकली होती. पण कबुलीच्या आधी रडली तर समितीने दडपण आणलं असं वाटेल. अशा गोष्टींचा विचार करावा लागतो. तो कॉलेजात मी एकटाच करतो.

अक्षयने टाइप केलं. पहिल्या प्रिंटला कॉलेजचा लोगोच आला नाही. दुसरी काढायला लावली. पहिली मी फाडू दिली नाही. या ऑफिसात कागदाची जी नासाडी चालते ती बघून रक्त उसळतं. पाठकोऱ्या कागदांचा ट्रे मीच सुरू केला आहे. माझ्या हाताने ती प्रिंट त्या ट्रेमध्ये ठेवली.

मग नोटिशी काढल्या. सुरभी मोकलची नोटीस पाठकोऱ्या कागदावर काढायला सांगितली. आरोपीला कोरा कागद कशाला. सही केली, शिक्का मारला, पोस्टात टाकली.

पाट दारात आहे. अडखळलो.

२१ एप्रिल.

पुलावर जायचं म्हणून बूट घातले. मग पेपर आला.

सकाळच्या गाडीत कासूला तीच पोरगी चढली. आमच्याच डब्यात. मी पेपर उघडून धरला. तरी समोर आली आणि म्हणाली, नमस्कार सर. मग म्हणाली, सर, धाटावच्या कंपनीत अकाउंट्सला माझी निवड झालीय, पंधरा जूनपर्यंत निकाल दाखवायचाय, नायतर ते दुसऱ्याला घेतील, तेवढं बघा.

लिहून ठेवतो: समितीच्या अध्यक्षावर धावत्या गाडीत दबाव आणण्याचा प्रयत्न. हे इतिवृत्तात घालावं का, असा विचार केला. पण इतिवृत्त आता फायनल आहे.

पेण येईपर्यंत पेपर धरून होतो. हात भरून आले.

२४ एप्रिल. दुपारी ४. स्टाफरूम.

जे घडलं ते शांतपणे लिहितो. संतापायचं नाही.

अकराला सुरुवात. मॅडम स्वतः येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या. बोलावलं नव्हतं. कौतुकाने आल्या असाव्यात. पोरीबरोबर तिची आत्या, हौसा. कारखान्यातून तशीच आलेली, पदराला मातीचे हात पुसलेले. सुनावणीला येण्याची ही रीत.

मी थेट विचारलं, हातावर लिहिलं होतंस की नाही, एका शब्दात सांग. म्हणाली, व्हय सर, लिवलं व्हतं. कबुली. अकरा वाजून नऊ मिनिटं. नियोजनाच्या अकरा मिनिटं पुढे. अक्षयला खूण केली, सह्यांचा कागद आण. तो छताकडे बघत होता.

तेवढ्यात पोरगी म्हणाली, सर, एक विचारू का. नियमावलीचं कलम नऊ वाचलं, तक्रार करणाऱ्यानं समितीवर बसायचं नाय असं लिवलंय. मी म्हटलं, कुणाच्या नियमावलीत. तिने माझ्याच नियमावलीची प्रिंट पुढे केली. वर माझं नाव. कलम नऊ खरंच आहे. मी ते पूर्वी वाचलं नव्हतं, कारण संकलन करताना सगळं वाचलं तर संकलन होत नाही. मी म्हटलं, ते मोठ्या केसेसना लागू आहे. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, असं कुठे लिहिलंय. या बाईंनी एकोणीस वर्षांत मला पहिल्यांदा प्रश्न विचारला. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, सदस्यांच्या प्रथमच ऐकल्या.

मग पोरीने नोटीस काढली आणि उलटी केली.

म्हणाली, सर, या नोटिशीच्या मागं आजच्या सुनावणीचं लिवलेलं हाय. तारीख चोवीसच हाय. पण नोटीस माझ्या घरी अठराला आली. मी पाच वेळा वाचली. यात म्हणतायत मी गुन्हा कबूल केला अकरा वीसला. आता अकरा चौदा झालेत. आणि अकरा पंचवीसला मी रडले. सर, अजून रडले नाय. थांबू का तवर?

ती हे चिडवून म्हणाली असती तर मी तिथल्या तिथे उद्धटपणाची दुसरी केस केली असती. पण ती खरोखर विचारत होती. घड्याळाकडे बघून.

ग्रंथपाल बाई हसल्या. मोठ्याने. आत्या म्हणाली, आन मी आभार मानले म्हनं. कसले ते सांगा, म्हंजे मानते. पोरगी तीन वर्सं कासूवरनं येते, सकाळी कालेज, दुपारनं माती, तिचं येक वर्स आन नोकरी घालवायची आन वर माझं आभार. माझ्या हातावर बगा, मी पन लिवते. साचं काढताना हात मातीत असतात, मोबाइल कोन धरनार. सगळ्या पेनला ठावं हाय, तुमालाच कसं नाय.

मी म्हटलं, भावनेच्या भरात मुद्दा सोडू नका. तेव्हा मॅडमनी तो कागद मागून घेतला. दोन्ही बाजूंनी वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. मग म्हणाल्या, टिपणीस सर, तुम्ही जरा बाहेर बसा.

बाहेर म्हणजे कॉरिडॉरच्या बाकावर. जिथे आरोपी विद्यार्थी बसतात. बाक एका पायाने हलतो. याबद्दल विद्यार्थ्यांच्या तक्रारी होत्या, मी त्या फाइल केल्या होत्या. आत चहा गेला. मला नाही. चहा मी मागवला होता.

२५ एप्रिल.

रात्रभर विचार केला. दोष अक्षयचा आहे. प्रिंटरला कागद त्याने घातला. मागे बघायची साधी अक्कल नको?

त्याला तसं सांगितलं. म्हणाला, सर, ट्रेमध्ये तुम्ही ठेवला, पाठकोऱ्यावर काढ तुम्ही म्हणालात, सही तुम्ही केलीत. उचलली जीभ लावली टाळ्याला. मग म्हणाला, आणि खरं सांगू का, मी पाहिलं होतं. मला वाटलं, बरंच होईल.

हे शब्द मी जसेच्या तसे लिहून ठेवतो. उपप्राचार्य झाल्यावर पहिली फाइल हीच.

सुनीतीला सगळं सांगितलं, माझ्या बाजूने. ती पोळी लाटत होती. म्हणाली, म्हणजे पोरीचा हात तुम्ही वाचलात आणि स्वतःचा कागद नाही. मग म्हणाली, पाटाचं काय झालं, त्या कारखानेवाल्या बाईंचा परत फोन आला होता. या घरात माणसाच्या इज्जतीपेक्षा लाकडाला किंमत आहे. लोणचं खाल्लं. मुद्दाम.

९ मे.

नवी समिती बसली. अध्यक्ष बाहेरच्या कॉलेजचे, पनवेलकडचे. मला साक्षीदार म्हणून बोलावलं, दहा मिनिटांसाठी. विचारलं, आकडे हातावर होते त्याचा फोटो? म्हटलं, धुतला. म्हणजे हात. विचारलं, उत्तरपत्रिका आपण पाहिली? म्हटलं, गरज वाटली नाही. त्यांनी सील फोडलं. प्रश्न तिसरा, मीनचा. तो तिने सोडवलेलाच नाही. ऑप्शनला टाकलेला.

मी म्हटलं, घाबरून टाकला असेल. पकडली गेल्यावर कोण सोडवेल. अध्यक्ष म्हणाले, तिने पहिल्या पानावरच लिहिलंय कुठले प्रश्न सोडवणार ते, आणि ते पान तुम्ही पकडण्याआधी भरलेलं आहे, त्यावर तुमचीच सही आहे.

सहीबद्दल एक निरीक्षण: मी आयुष्यात फार सह्या केल्या.

आत्याने कारखान्याचं कसलं तरी ऑर्डरचं रजिस्टर आणलं होतं. मला दाखवलं नाही, मीही मागितलं नाही. अशा घरगुती वह्यांना पुरावा म्हणत नाहीत. समितीने म्हटलं. पोरगी निर्दोष, निकाल लावायचा.

ठीक. एक सुटली. शिस्त टिकली हे महत्त्वाचं.

१९ मे.

मला नोटीस आली.

हाताने लिहितोय तरी विश्वास बसत नाही. ‘चौकशीपूर्वीच इतिवृत्त तयार करणे, स्वतःच्या तक्रारीवर स्वतः अध्यक्षस्थान भूषवणे, पुराव्याची तपासणी न करणे याबाबत खुलासा.’ सुनावणी २७ मे. पूर्ण सात दिवस. सर्व कागदपत्रांच्या प्रती जोडलेल्या. लेखी उत्तर देता येईल. एक सहकारी सोबत आणता येईल. निर्णय मान्य नसल्यास अपील करता येईल. सगळी माझीच कलमं. आपलेच दात, आपलेच ओठ.

नोटीस पांढऱ्याशुभ्र कागदावर आहे. मागे बघितलं. काही नव्हतं.

संकल्प: घाबरायचं नाही. अकरा पानी उत्तर लिहायचं. सोबत अक्षयला न्यायचं, म्हणजे त्याला त्याची जागा कळेल.

२३ मे.

अक्षयला तेव्हा क्लास आहे. सुट्टीत. ग्रंथपाल बाईंना त्या दिवशी पुस्तकांची मोजणी आहे. भूगोलवाल्यांना विचारलं, ते म्हणाले, तुमच्याकडे सगळं आधीच लिहिलेलं असेल, माझी काय गरज.

उत्तराची साडेतीन पानं झाली. प्रास्ताविक उत्तम आहे. जोडपत्रं वाचलेली नाहीत. स्वतः निर्दोष असताना जोडपत्रं वाचणं म्हणजे स्वतःवरच संशय घेणं.

पाट गॅलरीत हलवला. नजरेसमोर नको.

२७ मे. संध्याकाळ.

मॅडम, संस्थेचे एक सदस्य आणि पनवेलचे तेच अध्यक्ष. कागद कोरा, टेबलावर. लिहायला एक बाई बसलेल्या. मी सवयीने विचारलं, इतिवृत्त कुठे आहे, सही करतो. मॅडम म्हणाल्या, तुम्ही बोला, मग ते लिहिलं जाईल.

माझं प्रास्ताविक वाचलं. शिस्तीचं महत्त्व, माझी एकवीस वर्षं, पाठकोऱ्या कागदांची बचत. कुणी मध्ये बोललं नाही. अशी शांतता मला वर्गात कधी मिळाली नाही.

मग मॅडम म्हणाल्या, सर, हे आकडे म्हणजे गणपतीची मापं असू शकतात, हे तुम्हाला त्या दिवशी खरोखर सुचलं नाही का. मी म्हटलं, माझा त्या धंद्याशी संबंध नाही. म्हणाल्या, जोडपत्र तीन बघा.

कारखान्याच्या रजिस्टरच्या एका पानाची झेरॉक्स. गुढीपाडव्याचं बुकिंग. वर ‘१८ इंच, नग ६’. खाली सहा नावं. एक पोयनाडचं, दोन पेणची, एक कासूचं. पाचवं: टिपणीस, अष्टमी, रोहा. पुढे कंसात: पाट यायचा आहे.

तिच्या मनगटावरच्या पहिल्या ओळीतल्या सहांत एक मी होतो. माझ्या घरचा गणपती. तोच मी तिला हात धुऊन यायला लावून काढून टाकला.

मॅडम म्हणाल्या, काही सांगायचंय का. पुरेशी संधी आहे, सर, घाई नाही.

उरलेली पानं हातात होती. वाचली नाहीत. लिहिणाऱ्या बाईंनी पेन वर धरून ठेवलं होतं. शेवटी त्यांनी काहीतरी लिहिलं. सही करायच्या आधी मी वाचलं. लिहिलं होतं, ‘सर सुमारे सात मिनिटे काही बोलले नाहीत.’ चूक काढता येईना. घड्याळ मीही बघितलं होतं.

२ जून.

उपप्राचार्यपद कुणालाच दिलेलं नाही. योग्य व्यक्ती मिळेपर्यंत रिक्त. याचा अर्थ लावायचा नाही असं ठरवलं आहे. शिस्तीचं काम काढून घेतलं. दोन वर्षं परीक्षेचं सुपरव्हिजन नाही. नियमावली सुधारायला अक्षयकडे दिली. कलम चौदामधलं त्या दुसऱ्या कॉलेजचं नाव त्याने पहिल्याच दिवशी काढलं, माझंही काढलं.

आज पुलावर गेलो. अर्ध्यातून परत आलो. खाली कुंडलिकेकडे बघत बसलो, तेवढं चालणंच झालं.

अपील करायची मुदत पंधरा दिवस. करणार.

२० जून.

मुदत गेली. पाट पेणला पोचवला. कारखान्याच्या दारात ठेवला, आवाज न देता परत फिरलो. मागून कुणीतरी म्हणालं, कोनाचा हा. पाटाला मागे आमचं नाव कोरलेलं आहे, वडिलांनी करून घेतलेलं.

२६ ऑगस्ट.

उद्या चतुर्थी. सुनीती म्हणाली, या वर्षी मूर्ती तुम्हीच आणायची. तिच्या आवाजात वाद नव्हता, म्हणून नाही म्हणता आलं नाही.

कारखाना म्हणजे एक लांब पत्र्याची शेड. आत माणसांची रीघ, सगळ्यांच्या हातात पैसे आणि नारळ. हौसाबाई मधे उभ्या. दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, बॉलपेनने आकडे. आजूबाजूच्या तिघी बायकांच्या हातांवरही. इतकी वर्षं मी पेणला येतोय.

मला ओळखलं. मीच विचारलं, सुरभी? म्हणाल्या, कंपनीत हाय, धाटावला. आज सुट्टी नाय दिली. पन तुमच्या मूर्तीचं डोळं तिनंच आखलेत, रविवारी येऊन. मी नगं म्हनलं व्हतं. ती म्हनली, गनपतीचा काय दोस.

मूर्ती आमच्याच पाटावर होती. हौसाबाईंनी रजिस्टर पुढे केलं. पोच मिळाल्याची सही. मी पेन घेतलं, नेहमीच्या जागी टेकवलं. त्यांनी रजिस्टर मागे ओढलं.

म्हणाल्या, आदी मूर्ती नीट बगा, सर. मग सही करा. आमच्यात तशी पद्दत हाय.

मागे रांग होती. सगळे थांबले. मी मूर्ती बघितली. सोंड, हात, मोदक, डोळे. डोळे सरळ माझ्याकडे. मग सही केली.

घरी आल्यावर सुनीती आरतीचं तबक शोधायला आत गेली, तेव्हा पट्टी आणून मोजली. अठरा इंच.